कांद्याची टरफलं, अंड्यांचा थाट

डोंबिवलीकरांना रंगाचं नवल कुणी सांगायला जाऊ नये. जानेवारी २०१४मध्ये इथे हिरवा पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२०मध्ये एमआयडीसीतला रस्ता चक्क गुलाबी झाला. दोन्ही वेळा देशभर बातम्या झाल्या. ते रंग कारखान्यांचे होते, पण घरातल्या रंगांचे चमत्कारही काही कमी नाहीत. एक डझन पांढरी अंडी आणा आणि भाजीच्या पिशवीत काय काय आहे ते बघा.

पांढरीच का? कारण त्यांच्यावर रंग खुलून दिसतो. या बाबतीत आपण नशीबवान आहोत. ब्रिटनमधल्या दुकानांत वर्षानुवर्षं तपकिरी अंड्यांचंच राज्य आहे; आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात पांढऱ्या अंड्यांचे ट्रे रचलेले असतात.

तीन धर्म, एक अंडं

ठाण्यात टेंभीनाका ते मासुंदा तलाव चालत गेलात तरी पाय दुखायचे नाहीत. एवढ्याशा टापूत पारशांची अग्यारी आहे, १८७९ सालचं ‘शार हाशामाईम’ हे बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे आणि तलावाकाठी सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च आहे. गंमत म्हणजे तिन्ही परंपरांच्या वसंतातल्या सणात अंडं आहेच. इराणी नवरोजच्या मेजावर रंगवलेली अंडी मांडतात. ज्यूंच्या पेसाहच्या ताटात भाजलेलं अंडं असतं. ईस्टरला तर अंड्यांचीच चलती. ग्रीसमध्ये ईस्टरआधीच्या गुरुवारी अंडी लालभडक रंगवतात आणि सणाला एकमेकांच्या अंड्यावर आपटून बघतात. ज्याचं फुटणार नाही, त्याचं वर्ष चांगलं! आपल्याकडच्या बेकऱ्यांमध्ये मात्र ईस्टर एग म्हटलं की चॉकलेट नाहीतर मार्झिपान. खरं अंडं रंगवण्याची हौस इथे फारशी रुजली नाही. रुजायला हरकत नाही.

टरफलं उचला!

शेंगांची टरफलं उचलायला टिळकांनी नकार दिला, ही गोष्ट आपण शाळेत ऐकली. कांद्याची मात्र जरूर उचला. कल्याणच्या बाजार समितीत गोण्या रिकाम्या झाल्या की हा माल वाऱ्यावर उडत असतो. तिथवर जायचीही गरज नाही. नेहमीच्या भाजीवाल्याला सांगून ठेवलं तर टोपलीच्या तळाशी साचलेली टरफलं तो पिशवीत भरून फुकट देईल.

आठ-दहा कांद्यांची कोरडी टरफलं लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळा आणि गाळून घ्या. त्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून दहा-बारा मिनिटं अंडी उकडा. केशरीपासून विटकरीपर्यंतच्या छटा येतात. अंडी त्याच पाण्यात गार होऊ दिली की रंग आणखी गडद होतो. हे काम टरफलातल्या क्वेरसेटिन नावाच्या पिवळ्या रंगद्रव्याचं. स्पेनमधून पांगलेल्या ज्यूंमध्ये तर टरफलांसकट रात्रभर मंद आचेवर शिजवलेली तपकिरी अंडी हा खास पदार्थच आहे. नाव हुएवोस हामिनाडोस.

आता नक्षी. कोथिंबिरीचं एक पान ओलं करून कच्च्या अंड्यावर ठेवा आणि बोटाने दाबून त्याच्या कडा अगदी सपाट बसवा. वरून जुन्या, धुतलेल्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा ताणून मागे दोऱ्याने घट्ट गाठ मारा आणि मगच रंगात सोडा. मोजा सोडवून पान सोललं की विटकरी अंड्यावर पांढरं पान उमटलेलं दिसतं, देठासकट, दातेरी कडांसकट. गाठ सैल राहिली तर पानाखाली रंग शिरतो आणि नक्षीऐवजी डाग पडतो. मेथीचं पान जाड असतं, कोथिंबीरच बरी.

भांड्यात एक, अंड्यावर दुसरं

सगळ्यात मोठी मजा जांभळ्या कोबीत. चिरून उकळा, गाळा, गार करा. पाणी जांभळं. व्हिनेगर घातलं की गुलाबी. त्यात उकडलेली पांढरी अंडी सोडून भांडं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी अंडी बाहेर येतात ती निळी! कारण कवच म्हणजे जवळपास सगळाच कॅल्शियम कार्बोनेट, साध्या भाषेत खडू. व्हिनेगर कवचाला लागलं की बारीक बुडबुडे येतात, तिथली आंबटाई मरते आणि कोबीतलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य निळ्याकडे झुकतं. तपकिरी अंडं घेतलंत तर हाच निळा हिरवट दिसतो. जास्वंदीच्या फुलांतही अँथोसायनिन असतं. त्यांचं पाणी लालबुंद असलं तरी अंड्यावर करडा-जांभळा उतरतो.

हळदीचं पाणी पिवळाधमक रंग देतं, त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. ते पिवळं अंडं खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा. तांबूस! वर लिंबू पिळा. परत पिवळं! परंपरेने कुंकू करतात ते याच किमयेवर, हळदीला चुन्यासारखा अल्कली देऊन. सोलापूर जिल्ह्यातलं केम गाव त्याच्या जोरावर नावारूपाला आलं. मात्र हळदीचा रंग उन्हात उडतो. ही अंडी खिडकीत मांडून मिरवू नका.

बीटवर फार भरवसा ठेवू नका. हात, ओटा, कपडे सगळं रंगवून सोडतं आणि अंड्यावर मात्र फिकट गुलाबी. त्यातून उकळत बसलात तर मळकट तपकिरी होतं, कारण त्याचं रंगद्रव्य उष्णतेला टिकत नाही. गार रसातच बुडवा. कोकमाचं आगळ दिसायला झकास, पण इतकं आंबट की कवचालाच खायला उठतं. चहाची पावडर बिनतक्रार तपकिरी देते. बदलापूरची जांभळं हाताशी असती तर काय बहार आली असती. पण ती येतात जूनच्या सुमाराला, ईस्टर उलटून गेल्यावर.

पाटण्याचं अंडं

अंडी सजवणं हे गोऱ्या साहेबाचं खूळ, असं वाटत असेल तर जळगाव जिल्ह्यात चला. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७०च्या दशकात उत्खनन केलं. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले आणि आडव्यातिडव्या रेघा कोरलेला एक तुकडाही. वय सुमारे २५ हजार वर्षं! म्हणजे त्या काळी महाराष्ट्रात शहामृगं होती आणि त्यांच्या अंड्यांवर नक्षी काढायला सवडही होती. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यापुढे कालचा पोरगा. त्याच्या १२९०च्या हिशेबवहीत ४५० अंडी रंगवून सोन्याच्या वर्खाने मढवायचा खर्च लिहिलाय : १८ पेन्स.

कोंबडी स्वतःही रंगारीच आहे. पण तपकिरी रंग ती अगदी शेवटी, वरच्या थरावर चढवते. म्हणून तपकिरी अंडं फोडलं तर कवच आतून पांढरं निघतं. काळ्याकुट्ट कडकनाथचं अंडं काळं असतं, ही मात्र थाप. ते फिकट तपकिरीच असतं.

आणि खाण्याचं काय?

खुशाल खा, दोन पथ्यं पाळून. रंग पक्का व्हावा म्हणून कापड रंगवणारे मोरचुदासारखी द्रव्यं वापरतात. ती खायच्या अंड्याजवळही आणू नका. उरलेले होळीचे रंगही नकोत, पुडीवर ‘नैसर्गिक’ छापलेलं असलं तरी. दुसरं म्हणजे उकडलेलं अंडं कच्च्यापेक्षा लवकर खराब होतं. तडा गेलेलं त्याच दिवशी संपवा, बाकीची फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत. ठाणे-कल्याणच्या एप्रिलच्या उकाड्यात तासाभराहून जास्त वेळ बाहेर राहिलेलं अंडं कितीही देखणं असलं तरी नुसतं बघायचं, खायचं नाही.