पोर्ट ब्लेअरची बिनतारी तार

बिनतारी तारायंत्राचा धडा शिकवताना आपण ठिणगी, एरियल आणि मार्कोनी यांच्यापाशी थांबतो. पण दोन प्रदेशांत संदेश सुरू व्हायचे तर यंत्रे जुळवावी लागत, तशी माणसांचीही बोलणी जुळवावी लागत.

अंदमानात पोर्ट ब्लेअरला बाहेरची बातमी बोटीनेच पोचे. समुद्रतळाशी तार टाकणे फार खर्चाचे होते. म्हणून १९०५ साली हिंदुस्थानच्या तार खात्याने पोर्ट ब्लेअर आणि ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळचे डायमंड बेट बिनतारीने जोडले. मधले अंतर सुमारे ४९० किलोमीटर. यंत्रे मार्कोनीची नव्हती, लॉज आणि म्यूरहेड यांच्या पद्धतीची होती.

ठिणगीतून निघणाऱ्या लहरी विस्कळीत असतात. लॉजने वेटोळे आणि कंडेन्सर यांची जोडी वापरून दोन्ही टोके एका कंप्रतेला जुळवली. सतारीची तार छेडली की त्याच स्वराची तरफेची तार आपोआप झणझणते, तसेच हे. वर्गात आडव्या दोरीला तीन लंबक टांगा, दोन सारख्या लांबीचे आणि एक आखूड. सारख्यांपैकी एकाला झोका द्या. थोड्या वेळाने त्याचा जोडीदार डोलू लागेल, आखूड लंबक मात्र जेमतेम हलेल.

इथे दोन्ही टोके एकाच सरकारची, म्हणून काम सोपे. मालक निराळे असले की अडे. १९०२ मध्ये प्रशियाचे राजपुत्र हाइन्रिख अमेरिकेहून परतत होते. त्यांच्या ‘डॉइचलांड’ बोटीवर जर्मन यंत्र होते, म्हणून नँटकेटच्या मार्कोनी केंद्राने तिचा संदेश घेतला नाही. कारण तांत्रिक नव्हते. मार्कोनी कंपनी यंत्रे भाड्याने देई, चालकही तिचेच असत, आणि परक्या यंत्राशी बोलायची त्यांना मनाई होती. ही चक्क मक्तेदारी होती!

जर्मनीने १९०३ मध्ये बर्लिनला परिषद बोलावली. ब्रिटन आणि इटली यांनी हात आखडता घेतला. १९०६ च्या दुसऱ्या परिषदेत मात्र करार झाला आणि १ जुलै १९०८ पासून तो लागू झाला. किनारा आणि बोट यांनी यंत्राची जात न पाहता एकमेकांचे संदेश घ्यावेत, हे त्यातले मुख्य कलम. सार्वजनिक संदेशांसाठी ३०० आणि ६०० मीटर या तरंगलांबी ठरल्या. (६०० मीटरची कंप्रता मुलांना काढू द्या. प्रकाशाच्या वेगाला ६०० ने भागले की सेकंदाला ५ लाख आवर्तने येतात.) पोर्ट ब्लेअर–डायमंड बेट अशा जमिनीवरच्या दोन केंद्रांवर ही सक्ती नव्हती. इतरांच्या संदेशांत अडथळा आणू नये, हे बंधन मात्र त्यांच्यावरही होते.

एक कलम वसाहतींविषयी होते. कोणत्याही सरकारला वसाहती धरून सहाहून जास्त मते नसावीत, असे ठरले. १९१२ च्या लंडन परिषदेत ब्रिटिश हिंदुस्थानचे नाव करारावर स्वतंत्रपणे आले. त्यापुढच्या सह्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या होत्या.