धुक्यातला पदर : फॅशनपटाची भाषा वाचताना

आषाढ लागला की लोणावळ्याच्या टायगर पॉइंटवर आणि पवना जलाशयाच्या काठाने कॅमेरे दिसू लागतात. दरीतून वर चढणारे धुके, ओला काळा कातळ, पाण्यावर टेकलेले आभाळ आणि या सर्वांच्या मध्यभागी वाऱ्यावर उडणारा एक लांबलचक पदर. कोठे साडीच्या पेढीची चित्रफीत तयार होत असते, कोठे लग्न ठरलेल्या जोडप्याची ‘प्री-वेडिंग’. दोहोंची भाषा एकच, आणि ती फॅशनपटाकडून आलेली आहे. व्यापारी कुटुंबे या भाषेवर आज बराच पैसा घालतात. कधी दुकानासाठी, कधी मुलांच्या लग्नासाठी. ती वाचता यावी असे मात्र क्वचितच कोणाला वाटते.

फॅशनपट हा कथापट नव्हे आणि जुन्या धर्तीची जाहिरातही नव्हे. त्यात भाव, सवलत, पत्ता यांतले काही नसते. एक मनःस्थिती उभी करायची आणि ती त्या वस्त्राला बेमालूम जोडून द्यायची, एवढेच त्याचे काम. लंडनचे छायाचित्रकार निक नाइट यांनी २००० साली ‘शोस्टुडिओ’ हे संकेतस्थळ सुरू केले आणि या प्रकाराला स्वतंत्र ओळख मिळू लागली. पण बीज आपल्याकडेही होते. ठाण्याच्या गिरणीतून वाढलेल्या रेमंडने १९९०च्या दशकात ‘द कम्प्लीट मॅन’ ही जाहिरातमाला चालवली, तीत कापडाची प्रत किंवा धाग्यांचा हिशेब कोणी सांगत नव्हते. दिसत होता तो घरच्यांत, लहान मुलांत रमणारा एक सौम्य पुरुष, आणि मागे शूमान या जर्मन संगीतकाराची १८३८ सालची एक संथ पियानो-रचना. तिच्या नावाचा अर्थच ‘दिवास्वप्न’. गिऱ्हाईक दुकानात येऊन सुटाचे कापड मागे; मनात मात्र ते सूर असत.

चित्रांची भाषा वाचणे जैन घरांना नवे नाही. त्रिशलामातेची चौदा स्वप्ने, दिगंबर परंपरेत सोळा, पर्युषणात लहान मूलही ओळखते. राजा सिद्धार्थाने स्वप्नपाठकांना बोलावले ते हत्ती म्हणजे काय आणि सिंह म्हणजे काय एवढेच विचारण्यासाठी नव्हे. सारी स्वप्ने मिळून एका मातेला, एका रात्री, एका क्रमाने पडली, म्हणून त्यांचा अर्थ लागला. फॅशनपट पाहतानाही हेच ध्यानी ठेवावे. आरसा म्हणजे आत्मभान, जिना म्हणजे उन्नती, पिंजरा म्हणजे बंधन, असा कोश घेऊन बसणारा पहिल्या मिनिटातच फसतो. आरशात पाहणारी स्त्री पुढच्या दृश्यात हसते की आरसा पालथा घालते, यावर सारे ठरते.

रंगांचेही तसेच आहे. पाश्चात्त्य चित्रफितीत काळा रंग गूढतेचा, कधी शोकाचा, कधी उच्चभ्रू दिमाखाचा असतो. नवपदाच्या ओळीत आयंबिल करणाऱ्या घराला पाच परमेष्ठींचे रंग ठाऊक असतात: अरिहंतांचा श्वेत, सिद्धांचा लाल, आचार्यांचा पिवळा, उपाध्यायांचा हिरवा आणि साधूंचा काळा. ज्या घरात उडदाचा काळा दाणा साधुपदाशी जोडलेला आहे, तेथे काळ्या पदराचा अर्थ पॅरिसमध्ये लागतो तसाच लागेल, असे दिग्दर्शकाने गृहीत धरू नये. साडी विकणाऱ्याने तर नाहीच नाही.

उत्तम फॅशनपट स्वतःच्याच मोहिनीकडे तिरकस पाहू शकतो. रोमन पोलान्स्की यांनी प्राडासाठी केलेला ‘अ थेरपी’ हा लघुपट २०१२ साली कान महोत्सवात दाखवला गेला. मानसोपचारतज्ज्ञ (बेन किंग्जली) समोर एक श्रीमंत स्त्री (हेलेना बोनम कार्टर) आपले मन मोकळे करते आहे. डॉक्टरांचे लक्ष मात्र तिने काढून ठेवलेल्या जांभळ्या फर-कोटाकडे. अखेर ते उठून तो कोट अंगावर चढवतातच. प्रसंग विनोदी, पण नेमका: वस्तू बोलू लागली की माणूस ऐकू येत नाही. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या प्रेक्षकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तो कोट कोणाच्या कातड्याचा, हे त्या खोलीत कोणीच विचारत नाही. प्राडाने पुढे, २०१९ मध्ये, फरचा वापर थांबवण्याची घोषणा केली.

आपल्याकडचे उदाहरण तनिष्कचे. पुण्यात वाढलेल्या गौरी शिंदे यांनी २०१३ साली दिग्दर्शित केलेल्या जाहिरातीत सावळ्या वर्णाची वधू दागिने घालून सजते; सोबतची छोटी मुलगी तिचीच असल्याचे हळूहळू उमगते. फेरे सुरू होतात, मुलीलाही त्यात यायचे असते, आणि वर तिला उचलून घेतो. पुनर्विवाह हा शब्दही न उच्चारता चित्रपटाने तो मंगल ठरवला. दागिना येथे संपत्तीची खूण नाही; तो संमतीची खूण झाला आहे. अनेक घरांत या एका मिनिटावर दिवसभर वाद झाले, आणि ते होणे चांगलेच होते.

आता पुन्हा मावळाकडे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची दंपतीशिल्पे आहेत: जड तोडे, मेखला, पुरुषांची भरगच्च पागोटी, अंगावर असूनही नसल्यासारखे तलम वस्त्र. तेथील एका लेखानुसार हे शैलगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्ण केले. त्या जोडप्यांचे खांदे एकमेकांना लागून आहेत. आजच्या प्री-वेडिंग चित्रफितीतले जोडपे मात्र बहुधा चौकटीबाहेर, दूर कोठेतरी पाहते. फॅशनपटात ती नजर हेतुपूर्वक असते. पाहणाऱ्याच्या मनात हुरहूर उरावी आणि ती वस्त्राने भरून निघावी, म्हणून. तीच नजर वधूवरांवर चढवली की मंगल प्रसंगात विरहाचा सूर लागतो. संगीताच्या रात्री मोठ्या पडद्यावर ती चित्रफीत पाहणाऱ्या आजी-आजोबांना काहीतरी खटकते. काय, ते सांगता येत नाही, म्हणून ते कपड्यांवर बोलतात. अनेक ठिकाणच्या जैन समाजांनी अशा चित्रीकरणाविरुद्ध ठराव केले, त्यांतही चर्चा खर्चाची आणि मर्यादेची झाली. चित्राच्या अर्थाची फारशी नाही.

पवनेचे पाणीही असेच. कॅमेऱ्याला ते शुचिता, अथांगता, नवी सुरुवात वाटते. मावळातल्या माणसाला त्या पाण्याखालची शेते आठवतात, उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येणारे वाघेश्वराचे मंदिर आठवते, आणि ९ ऑगस्ट २०११ आठवतो, जेव्हा पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी प्राणाला मुकले. पदर उडवण्यापूर्वी दिग्दर्शकाने हे सारे पडद्यावर आणावे असे नाही. पण ज्या पेढीचे गिऱ्हाईक तळेगाव-वडगाव-कामशेतचे आहे, तिने त्या पाण्यावर काय लिहिले जात आहे, हे एकदा पाहून घ्यावे.

त्यासाठी सोपा उपाय आहे. चित्रफीत मंजूर करण्यापूर्वी ती एकदा आवाज बंद करून पाहावी, आणि एकदा डोळे मिटून नुसती ऐकावी. आवाजाशिवाय वस्त्र लक्षात राहिले नाही, तर पैसे संगीताला दिले असे समजावे. आणि डोळे मिटल्यावर घरातली थोरली बाई ‘हे कोणाच्या निरोपाचे गाणे?’ असे विचारू लागली, तर लग्नसराईचा शालू त्या चित्रफितीवर सोडू नये.