थेंब टोचतो तो लोकलमुळे!

दर जुलैत लोकलच्या दारात कोणीतरी हे ऐकवतंच: "ढग केवढ्या उंचावर! तिथून थेंब सुसाट येणार, मग टोचणारच." ठाणे सोडून गाडीने वेग घेतलेला असतो, तोंडावर सुया बसत असतात आणि सगळे माना डोलावतात. साफ चूक.

हवा नसती, तर दोन किलोमीटरवरून सुटलेला थेंब ताशी ७०० किलोमीटरने आदळला असता. पण हवा आहे. वेग वाढतो तसा तिचा विरोध वाढतो. तो थेंबाच्या वजनाइतका झाला, की वेग तिथेच थांबतो. मोठ्या थेंबालाही त्यासाठी सातेक मजल्यांची उंची पुरते. ढग त्याहून कितीही वर असेना! गन आणि किंझर या शास्त्रज्ञांनी १९४९ मध्येच हे मोजलंय: १ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे ४ मीटर, ५ मिलिमीटरचा ९ मीटर. म्हणजे ताशी जेमतेम ३३ किलोमीटर.

जुनं संशोधन पटत नसेल, तर थेंब मोजणारं यंत्र, लेझर डिस्ड्रोमीटर, आहे. त्यात लेझरचा कागदासारखा पातळ पट्टा असतो. त्यातून थेंब गेला की पलीकडे पोचणारा प्रकाश क्षणभर घटतो. किती घटला त्यावरून आकार कळतो, किती वेळ घटला त्यावरून वेग. त्यात ढगाची उंची कुठेच लागत नाही. वेग ठरतो तो मुख्यतः आकारावर.

मग टोचतं काय? ताशी ८० किलोमीटरने थेंबावर आपणच जाऊन आदळतो! डोंबिवलीला गाडी थांबली की हात बाहेर काढून बघा. पाऊस तोच, सुया गायब.

आता किरकोळ गैरसमज.

थेंब वर टोकदार असतो: नाही. छोटा गोल असतो, मोठा खालून चपटा, पावासारखा.

थेंब हवा तेवढा मोठा होतो: साधारण सहा मिलिमीटरच्या पुढे बहुतेक फुटतात.

जोराचा पाऊस म्हणजे टपोरे थेंब: सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर मोसमी पावसात लहान थेंबांचीच गर्दी असते. महाबळेश्वरला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. तिथल्या थेंबांच्या मोजणीतही हेच दिसलंय.

पर्जन्यमापक असताना थेंब मोजायची उठाठेव कशाला: पर्जन्यमापक एका जागेचे मिलिमीटर सांगतो, अख्ख्या ठाणे-कल्याण पट्ट्यावरचा पाऊस रडार बघतं. २ मिलिमीटरच्या थेंबात १ मिलिमीटरच्या थेंबाच्या आठपट पाणी असतं, पण रडारला तो चौसष्टपट ठळक दिसतो. थेंब केवढे आहेत हे माहीत नसेल, तर रडारचा अंदाजही दारातल्या गप्पांइतकाच भरवशाचा.