शेवटच्या ओळीतला आकडा

जानेवारी २००३. कल्पना चावलासह सात अंतराळवीरांना घेऊन कोलंबिया यान पृथ्वीभोवती घिरट्या घालत होतं. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरून सुटलेला फोमचा तुकडा त्याच्या डाव्या पंखावर आदळला होता. त्यात धोका किती, हे बोइंगच्या अभियंत्यांनी नासाला स्लाइडवरून समजावलं. त्यातली एक स्लाइड पुढे कुप्रसिद्ध झाली: बुलेटखाली बुलेट, त्याखाली आणखी बारीक अक्षरं. अंदाज ज्या चाचणीवर बेतला होता, तिच्यातला तुकडा ३ घनइंचाचा, आदळलेला मात्र सुमारे १९२०, म्हणजे ६४० पट मोठा, हे लिहिलं होतं तळाच्या ओळीत. वर शीर्षक दिलासा देणारं! १ फेब्रुवारीला यान परतताना फुटलं. सातही जण गेले. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची केलेली चिरफाड चौकशी मंडळाच्या अहवालातही आली.

आज स्लाइड सजवायला लोक चॅटजीपीटीसारख्या लँग्वेज मॉडेलकडे जातात, आणि मागतात काय, तर छान रंग आणि आयकॉन. खरं तर त्याला आधी विचारावं, ‘यातला मुख्य दावा एका वाक्यात सांग, आणि त्याला छेद देणारी माहिती कुठे दडली आहे तेही.’ सादरीकरणाचे अभ्यासक मायकेल अ‍ॅली यांची पद्धत हीच: शीर्षक म्हणजे पूर्ण विधान, खाली त्याचा दृश्य पुरावा. मजकूर पिळून काढणं हे मॉडेलचं हुकमी काम.

मांडणीत मात्र ते चाचपडतं. पॉवरपॉइंटची फाइल म्हणजे एक्सएमएल मजकुराचं झिप केलेलं गाठोडं. त्यात एका इंचाचे ९,१४,४०० भाग धरून प्रत्येक चौकटीची जागा लिहिलेली असते. स्लाइड कशी दिसते ते न बघताच मॉडेल हे आकडे लिहितं. मग अक्षरं चौकटीबाहेर सांडतात, तक्ता चित्रावर चढतो. उपाय साधा आहे. तयार स्लाइडचं चित्र काढून ते चित्र ‘वाचू’ शकणाऱ्या मॉडेललाच दाखवायचं आणि दुरुस्त्या करून घ्यायच्या. ‘पीपीटीएजंट’ या संशोधनात तर कोऱ्या पानावरून सुरुवातच केलेली नाही. आधीच्या चांगल्या स्लाइड नमुना म्हणून घेऊन त्यांत फेरफार केले जातात.

मराठी स्लाइडला हे बघून घेणं जास्तच गरजेचं. रोमन लिपीच्या मापाने ओळी जवळजवळ बसवल्या, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो.

संक्षेप करून घेताना आणखी एक जोखीम असते. ‘फक्त लहान तुकड्यावर तपासलेलं’ अशी अट मॉडेलला अडगळ वाटू शकते, आणि देखण्या स्लाइडवरून तीच पहिली गळते. म्हणून मूळ मजकुरातला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक अट नव्या स्लाइडशी माणसानेच ताडून पाहायची.