उचल, वेठ आणि अंगठा

दसरा जवळ आला की आमच्या मुखेड तालुक्यात मुकादमांची ये-जा सुरू होते. तिकडं कंधार, अहमदपूर, जळकोटलाही तेच. बालाघाटाच्या या डोंगरपट्ट्यात जमीन कोरडवाहू. खरिपाची रास झाली की हाताला काम नाही. मग घराला कुलूप लागते आणि नवरा-बायको ऊस तोडायला जातात. उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात.

मी अशाच घरातली. आज माझे वय १९ आहे.

नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. निघण्याआधी मुकादम कोयत्याला पैसे देतो, ती उचल. उचल म्हणजे आपलीच मजुरी, पण आधी घेतलेली.

हिशेब करून बघा. समजा, उचल १,००,००० रुपये आहे. सोपे जावे म्हणून टनाला ४०० रुपये दर धरू. म्हणजे २५० टन ऊस तोडायचा. दोघांनी दिवसाला २ टन तोडला तर १२५ दिवस लागतील. यात ताप नाही, बाळंतपण नाही, गाडीची वाट बघत बसणे नाही. काम चुकले की खाडा. त्या दिवसाची मजुरी जातेच, वर दंडही बसतो.

मी १२ वर्षांची होते. फडावर मायला पाच दिवस ताप होता. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, हे एकट्या माणसाला जमत नाही. म्हणून बाचाही खाडा पडला. मी शाळा सोडून कोपीवर धाकट्या भावाला सांभाळत होते. शेवटी १८,००० रुपये बाकी निघाली. मुकादम म्हणाला, “बाकी फिटंस्तोवर दुसरीकडं जायचं नाही.”

हे बोलणे ध्यानात ठेवा. पैसे बाकी असणे हा गुन्हा नाही. पैशापायी माणसाला अडकवून ठेवणे हा गुन्हा आहे.

निजामाच्या राज्यात गावात अंमलदार आला की गरिबाला वेठीला धरीत. १९४८ साली १७ सप्टेंबरला ते राज्य संपले. २६ जानेवारी १९५० पासून आपली घटना लागू झाली. तिच्या २३ व्या कलमाने वेठबिगार बंद केली. पुढे १९७६ साली वेठबिगारीचा कायदा झाला. उचल दिली म्हणून कुणाला दुसरीकडे जाण्यापासून अडवले, तर ती वेठ. वेठीचे कर्ज कायद्याने बुडते. वेठीला धरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९८२ साली सुप्रीम कोर्टाने आणखी सांगितले, की सरकारने ठरवलेल्या किमान मजुरीपेक्षा कमी देऊन काम करवणे हीसुद्धा वेठच. तक्रार कलेक्टर किंवा तहसीलदाराकडे करता येते.

मुकादमाचीही एक बाजू आहे, ती सांगितली पाहिजे. तोही कारखान्याकडून पैसे उचलतो. काही कोयते दोघांकडून उचल घेऊन पळून जातात, मग तो बुडतो. पण म्हणून जो पळाला नाही त्याला डांबायचे, हा कुठला न्याय?

मी दहावी झाल्यावर बाचा जुना कागद वाचला. स्टँपावर लिहिले होते, ‘घरखर्चासाठी हातउसने घेतले.’ ऊस, दर, खाडा, कशाचाच उल्लेख नाही. मायचे नावही नाही. अर्धा कोयता तिचा, पण पैसा आणि कागद दोन्ही बाच्या नावे. खाली बाचा अंगठा. त्याला वाटले होते, मजुरीचाच कागद आहे. त्या कागदावरून उद्या तहसीलदाराला वेठ कशी दिसावी?

यंदा मुकादम आला तेव्हा मी कागद मोठ्याने वाचला. पुन्हा तेच हातउसने. बाने अंगठा दिला नाही. मुकादम रागावून गेला. माय रात्रभर जागी होती. उचल मिळाली नाही तर दुकानाची उधारी कशी फेडावी, हा तिला घोर. चौथ्या दिवशी तो दुसरा कागद घेऊन आला. त्यात ‘ऊसतोडणीची आगाऊ मजुरी’ असे लिहिले होते. मायचेही नाव होते. दराची जागा मात्र कोरी होती. ती भरून आणा, असे सांगून मायने कागद परत पाठवला आहे.