इंटरॅक्शन सार्थक निघाली, आता पुढे?

दोन गट आणि त्याच माणसांची तीनदा मोजणी: सुरुवातीला, सहाव्या आठवड्यात, बाराव्या आठवड्यात. रिपीटेड मेझर्स अनोव्हात ‘गट × वेळ’ ही इंटरॅक्शन सार्थक निघते. प्रबंध बहुधा इथूनच घसरतात.

गैरसमज: प्रत्येक गटाची वेगळी टी-चाचणी करायची. एकात सुधारणा सार्थक, दुसऱ्यात नाही, झाले काम.

नाही झाले. काल्पनिक आकडे घेऊ. सहाव्या आठवड्यापर्यंत पहिला गट ६ गुणांनी सुधारला, दुसरा ४ गुणांनी. दोन्हींची प्रमाण त्रुटी २.५. टी अनुक्रमे २.४ आणि १.६. पहिला उंबरठा ओलांडतो, दुसरा अलीकडेच राहतो. पण दोघांतला फरक २, त्याची प्रमाण त्रुटी सुमारे ३.५, म्हणजे टी जेमतेम ०.५७! इंटरॅक्शन कदाचित बाराव्या आठवड्यामुळे निघालेली असते आणि श्रेय सहावा लाटतो.

ही चूक फक्त विद्यार्थ्यांची नव्हे. सँडर न्यूवेनहाउस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये मांडलेला हिशेब पाहा: नामांकित नियतकालिकांतल्या ज्या १५७ लेखांत ही चूक होण्याची शक्यता होती, त्यांपैकी ७९ लेखांत ती झालीच होती.

इंटरॅक्शन म्हणजे फरकांमधला फरक, तेव्हा तपासायचाही तोच. प्रत्येक व्यक्तीच्या दोन मोजण्यांची वजाबाकी करा आणि त्या वजाबाक्यांची दोन गटांत तुलना करा. (मोजण्या दोनच असतील, तर या टीचा वर्ग म्हणजेच अनोव्हातला इंटरॅक्शनचा एफ. तिथे नवे काही शोधायचे उरतच नाही.)

गैरसमज: ग्रीनहाउस-गायसर दुरुस्ती लावली की पुढच्या तुलनाही सुरक्षित.

ती दुरुस्ती त्या एफपुरतीच. स्फेरिसिटी, म्हणजे मोजण्यांच्या प्रत्येक जोडीतल्या फरकांचे विचरण सारखे असणे, नसताना सगळ्या तुलनांना एकच सामायिक त्रुटी वापरली, तर काही तुलना फार सैल होतात, काही फार कडक. प्रत्येक तुलनेची त्रुटी तिच्याच मोजण्यांतून काढावी. मग अनेक तुलनांसाठी होल्मची १९७९ची पद्धत लावावी; बॉनफेरोनीपेक्षा ती कधीच दुबळी ठरत नाही, तरी बॉनफेरोनीचीच सवय सुटत नाही.

गैरसमज: इंटरॅक्शन असली की मुख्य परिणाम टाकाऊ.

दोन्ही गट सुधारले, एक जास्त आणि एक कमी, तर ‘काळानुसार सुधारणा झाली’ हे विधान खरेच राहते. उलट अशा वेळी शंका इंटरॅक्शनचीच घ्यावी. आलेखातल्या रेषा एकमेकींना छेदत नसतील, तर मोजपट्टी बदलल्यावर, उदाहरणार्थ प्रतिक्रियाकाळाचा लॉगॅरिदम घेतल्यावर, ती नाहीशीही होऊ शकते. जेफ्री लॉफ्टस यांनी १९७८ मध्येच याकडे लक्ष वेधले होते.