महासभेची तहकुबी: समज आणि वस्तुस्थिती

इंग्रजीतील ‘ॲडजर्नमेंट’ या औपचारिक शब्दासाठी मराठी कारभारात ‘तहकुबी’ ही संज्ञा रूढ असून, हाती घेतलेले कामकाज पुढच्या वेळेपर्यंत थांबवणे हा तिचा अर्थ होय. भाईंदर पश्चिमेच्या इंदिरा गांधी भवनातील मिरा-भाईंदर महानगरपालिकेची महासभा तहकूब झाली, की सभाच रद्द झाली आणि विषयपत्रिकेवरील विषय बारगळले, असा सर्रास समज होतो. वस्तुतः तहकूब सभा ही मूळ सभेचाच पुढचा भाग असते आणि राहिलेले विषय तिच्यापुढे जसेच्या तसे येतात.

याहून घातक गैरसमज गणपूर्तीविषयीचा आहे. गणपूर्ती म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार ती एकूण सदस्यसंख्येच्या एक तृतीयांश असून, उपस्थिती त्याखाली गेल्याचे निदर्शनास आणून दिले गेल्यास पीठासीन अधिकाऱ्याला सभा तहकूब करावीच लागते. त्यामुळे सभागृहाबाहेर राहून एखादा विषय रोखता येतो, असे मानले जाते. परंतु त्याच अधिनियमानुसार, गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेचे उरलेले कामकाज पुढील तहकूब सभेत गणपूर्ती असो वा नसो, उरकता येते. समजा, करवाढीचा विषय अशा रीतीने मागे राहिला आणि विरोधक दुसऱ्या वेळीही फिरकले नाहीत, तर मूठभर सदस्यांच्या मतांवर तो मंजूर होऊ शकतो. म्हणून करदात्याने मूळ सभेइतकेच, किंबहुना अधिक लक्ष तहकूब सभेकडे दिले पाहिजे. तहकूब सभेत आयत्या वेळी नवा विषय घुसडता येतो ही भीती मात्र निराधार आहे, कारण तेथे फक्त शिल्लक कामकाजच चालते.

निवडणूक लांबणीवर पडणे ही सभा तहकूब होण्याहून निराळी बाब आहे, कारण निवडणूक पुढे गेली तरी नगरसेवकांची मुदत वाढत नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांची मुदत पहिल्या सभेपासून कमाल पाच वर्षे ठरवून दिली आहे. त्यानुसार मिरा-भाईंदरमध्ये ऑगस्ट २०१७ मध्ये निवडून आलेल्या सदस्यांची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली, सभेचे अधिकार प्रशासकाकडे गेले आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान होईपर्यंत, तीन वर्षांहून अधिक काळ, शहराच्या अंदाजपत्रकावर लोकनियुक्त महासभेत चर्चाच होऊ शकली नाही.